व्यंगाचा रकाना

साताऱ्याच्या शनिवार पेठेत चारुशीलाबाईंच्या नाकाची ख्याती होती. नाक तसं सरळ, बेतशीर, नावं ठेवायला जागा नाही असं. पण मुरडायला कायम तयार. दुधाच्या किटलीवर माशी बसली, शी. शेजाऱ्यांनी गॅलरीत उभं राहून चूळ भरली, शी. कुणी बोटाला थुंकी लावून कागद उलटला तर बाईंना त्या वेळचं जेवण जायचं नाही. नवरा पाटणला पाटबंधारे खात्यात होता, शनिवारी घरी यायचा. त्यानं एसटीतून आल्यावर बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, पिशवी झटकायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, असा शिरस्ता होता. तो बिचारा निमूट धुवायचा.

आणि गंमत बघा, असल्या बाईंना नोकरी लागली ती वधूवर सूचक मंडळात. मंडळाचं कार्यालय पेठेतच, एका किराणा दुकानाच्या वर. जिना चढताना गूळ, रॉकेल आणि उंदरांच्या लेंड्या यांचा मिळून एक वास नाकात शिरायचा. वर दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि लग्नाच्या मुलींच्या फोटोंचे गठ्ठे. ते फोटो शेकडो हातांतून गेलेले. मुलांच्या आया चिवड्याचा तेलकट हात तसाच फोटोवर फिरवायच्या, "फोटोत उजळ दिसतीय, खरी कशी आहे हो?" असं विचारायच्या, आणि त्या मुलीच्या गालावर आपल्या बोटाचा ठसा ठेवून जायच्या. बाई संध्याकाळी ओलं फडकं घेऊन एकेक फोटो पुसत बसायच्या. पुष्कळ वर्षं त्यांनी हे केलं, आणि किळस काही कमी झाली नाही. उलट वर्षागणिक ती फोटोंवरून उठून माणसांवर जाऊन बसली.

मग अठ्ठ्याण्णव साली मंडळानं कॉम्प्युटर घेतला. बाई पोवई नाक्यावरच्या क्लासला जाऊन शिकून आल्या. कॉम्प्युटर त्यांना मनापासून आवडला, कारण त्याला कुणी चिवड्याचं बोट लावत नव्हतं. त्यांनी त्याला छिटाची खोळ शिवली. सगळे अर्ज त्यांनी स्वतः बसून त्यात भरले. मुलींचा एक तक्ता, मुलांचा एक तक्ता, आणि दोन्ही मिळून एक फाईल. तिला डेटाबेस म्हणायचं, हेही त्या सगळ्यांना सांगायच्या. मुलींच्या तक्त्यात उंची, रंग, शिक्षण, पत्रिका, आणि शेवटी 'व्यंग' असा एक रकाना होता. मुलांच्या तक्त्यात तो नव्हता, कारण मुलांच्या छापील अर्जातच तो कधी नव्हता. बाईंनी एकदा मंडळाचे सचिव निळकंठराव यांना त्याबद्दल विचारलं होतं.

"मुलग्याच्यात काय व्यंग बघायचं?" निळकंठराव म्हणाले, आणि पान लावायला बसले. त्यांचं पान लावणं हा बाईंच्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात वाईट प्रकार होता. चुन्याचं बोट ते खुर्चीच्या हाताला पुसायचे.

त्या वर्षी मंडळाच्या सांगली शाखेनं मोठा मेळावा ठरवला. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या नोंदी एकत्र करायच्या, त्यांचं पुस्तक छापायचं आणि मेळाव्यात वाटायचं. सांगलीच्या शाखेत सुमंत म्हणून एक गृहस्थ होते, पांढऱ्या सफारीतले, गोड बोलणारे. बाईंनी साताऱ्याच्या नोंदी फ्लॉप्यांवर घालून त्यांच्याकडे पाठवल्या, त्यांनी त्यात सांगलीच्या घातल्या, आणि सगळी फाईल एका दुकानातून सीडीवर उतरवून साताऱ्याला पाठवून दिली. छपाई साताऱ्यात स्वस्त पडत होती, म्हणून शेवटचा हात बाईंनी फिरवायचा होता.

सीडी आली ती नेमकी खंडेनवमीला. कार्यालयात हत्यारांची पूजा चाललेली. हत्यारं म्हणजे स्टेपलर, शिक्का, कात्री आणि यंदापासून कॉम्प्युटर. निळकंठरावांनी कीबोर्डवर हळदकुंकू टाकलं, पडद्याला झेंडूची माळ घातली. सीडी पाकिटातून काढून त्यांनी उलटसुलट पाहिली. एका बाजूला सांगलीचा कागद चिकटवलेला, दुसरी बाजू आरशासारखी. जे चकाकतं ते तोंड, असं ठरवून त्यांनी चकाकत्या बाजूवर अनामिकेनं ओल्या गंधाचं स्वस्तिक काढलं, अक्षता चिकटवल्या आणि सीडी पाटावर ठेवली.

"आज कुणी हत्याराला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आज त्यांची विश्रांती."

निळकंठराव गेल्यावर बाईंनी सीडी उचलली, बेसिनवर नेऊन साबणानं धुतली, पदराच्या मऊ कापडानं कोरडी केली. मग कीबोर्ड उलटा करून हळद झाडली, फाईल कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, उघडून पाहिली, आणि समाधानानं घरी गेल्या. फाईल छान उघडली होती. नावं, गावं, सगळं जागच्या जागी होतं.

दसऱ्यानंतर वाईहून विष्णुपंत आले. निवृत्त शिक्षक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बरोबर मुलगी होती, अपूर्वा. वाईतच एका डॉक्टरांकडे रक्त तपासायचं काम करायची. लग्नाचं वय उलटत चाललंय असं नातेवाईक म्हणायला लागले होते, आणि अपूर्वा ते ऐकून घेऊन आपल्या कामाला जायची. पुस्तक छापण्याआधी ज्यानं त्यानं आपली नोंद तपासून जावी, असं मंडळानं कळवलं होतं. बाईंनी पडदा दोघांकडे वळवला आणि नोंद समोर आणली. विष्णुपंतांनी चष्मा लावून वरून वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या रकान्याशी येऊन ते थांबले.

व्यंगाच्या रकान्यात लिहिलं होतं: कोड, उजवा हात.

विष्णुपंतांचं तोंड असं झालं की बाईंना बघवेना. त्यांनी नुसतं "अहो" म्हटलं आणि चष्मा काढला. बाईंना अर्ज आठवत होता. त्यात हा रकाना कोरा होता, त्यांनी स्वतः कोरा भरला होता.

"भाजलंय ते," अपूर्वा म्हणाली. तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुरकुतून चकचकीत झालेली. "दिवाळीची तळणी चालली होती, कढई कलंडली. कुणी लिहिलं हे?"

"कुणी का लिहीना, मी आत्ता काढते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुसायची कळ दाबली.

कॉम्प्युटर टुक करून वाजला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: फाईल रीड-ओन्ली आहे, बदल करता येणार नाही. बाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा टुक. विष्णुपंत आशेनं बघत होते, आणि तो मेला शब्द जागचा हलत नव्हता. बाईंना घाम फुटला. वाचता येतंय, लिहिता येत नाही. ज्यानं लिहिलं त्याचं राहतंय, पुसायला निघालेलीला मज्जाव. हा कुठला न्याय म्हणायचा?

"छापायच्या आत निघेल," त्यांनी सांगितलं. "माझा शब्द."

विष्णुपंत जिना उतरले तेव्हा अपूर्वा मागं राहिली. "निघालं तर बरंच," ती म्हणाली. "पण मला एक सांगा बाई, खरंच कोड असतं तर मग तुम्ही ते तसंच ठेवलं असतंत?"

बाईंनी पडदा परत आपल्याकडे वळवला.

त्यांनी आधी सांगलीला फोन लावला. सुमंत नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "हो हो, मीच घातलं ते. इथल्या एका स्थळानं मुलगी पाहिली होती. मुलाच्या आईंना शंका आली. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून आली म्हणजे काहीतरी लपवत असणार, नाही का? कोडच असणार म्हणाल्या. म्हटलं, खबरदारी घेतलेली बरी. उद्या लोकांनी मंडळाला बोल लावायला नको. खोटं निघालं तर पुढच्या आवृत्तीत काढू."

"आणि फाईल बदल घेत नाहीये," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडं तर घेते. तुमच्या मशीनवरची धूळ पुसा एकदा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

धूळ. आणि ती बाईंच्या मशीनवर. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यांनी मशीनसुद्धा पुसलं. कॉम्प्युटर बंद करून परत लावला. सीडीवर गंधाचा कण राहिला असेल म्हणून ती पुन्हा धुतली आणि फाईल पुन्हा उतरवली. तरी टुक. फाईलचं नाव बदललं, दुसऱ्या कप्प्यात ठेवली, तिसऱ्या कप्प्यात ठेवली. नाव बदललं तरी, जागा बदलली तरी, तो शब्द तिथंच आणि ती ओळ तीच. अपूर्वाचं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि ते पुस्तक छापून घराघरांत गेलं की तो शब्द जन्मभर त्या मुलीच्या मागं लागणार, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पुस्तकं कुणी फेकत नाही. पुढच्या बहिणीच्या, मावसबहिणीच्या वेळेलाही ती काढून बघतात.

निळकंठरावांना मात्र कारण तत्काळ कळलं. "खंडेनवमीला हत्यार उठवलंत ना?" ते म्हणाले. "तरी मी बजावलं होतं. कोप आहे हा." त्यांनी नारळ मागवला आणि कॉम्प्युटरसमोर फोडला.

कार्यालय झाडायला येणारी रंगुबाई दाराशी उभी होती. ती बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "आवं बाई, नारळाचं पानी आत शिरलं तर ह्ये बी जायचं की वो." बाईंनी फडकं घेऊन टेबल पुसलं. खोबऱ्याचे तुकडे खुर्चीखाली उडाले होते, मुंग्या लागणार होत्या.

"आणि एवढा काय जीव टाकताय एका शब्दासाठी?" निळकंठराव खोबरं चघळत म्हणाले. "आहे ते जाऊ द्या छापून. बघणारे बघून घेतील हात."

बघून घेतील. बाजारात गाय बघतात तसा. बाईंना त्या क्षणी त्या माणसाची, त्याच्या तोंडातल्या खोबऱ्याची, त्या जिन्याच्या वासाची आणि आपल्या नोकरीचीसुद्धा अशी शिसारी आली की त्या उठून गच्चीत जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या त्या पर्स घ्यायला. खाली चौकातल्या फोनच्या बूथवर जाऊन त्यांनी अश्लेषाला फोन लावला.

अश्लेषा त्यांची क्लासमधली मैत्रीण. लग्न होऊन सांगलीला गेली होती आणि तिथं कॉम्प्युटरच्या दुकानात काम करत होती. बाईंनी सगळं सांगितलं तशी ती हसायला लागली.

"अगं, सीडी आमच्याच दुकानात लिहिली. सीडीवर एकदा लिहिलं की बदल होत नाही, हे तुला माहीतच आहे. मग तिच्यावरची फाईल तू खाली उतरवलीस तरी ती माझ्यावर लिहू नका असा शिक्का कपाळावर घेऊनच खाली येते. दहादा उतरव, दहादा तसाच येणार. फाईलवर माउसचं उजवं बटण दाब, प्रॉपर्टीज म्हणून येईल तिथं जा, रीड-ओन्लीपुढची बरोबरची खूण काढून टाक. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. मी त्या तुमच्या सुमंतरावांना सांगितलं होतं की, साताऱ्याला उतरवल्यावर खूण काढायला सांगा. तर म्हणाले, राहू दे, साताऱ्याच्या लोकांनी हात न लावलेलाच बरा."

बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि बूथवाल्याकडून पाणी मागून घेतलं. परक्याच्या तांब्यातलं पाणी त्या कधी पीत नसत, पण त्या दिवशी प्यायल्या.

वर जाऊन त्यांनी खूण काढली. फाईल उघडली, अपूर्वाच्या नोंदीतला तो शब्द पुसला. कॉम्प्युटर वाजला नाही. रकाना कोरा झाला. बाईंना वाटलं होतं, आता हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही, कारण त्या मुलीनं जाताना विचारलेला प्रश्न तिथंच बसून होता. त्या रकान्यातून खाली उतरू लागल्या. जाड चष्मा. दात पुढे. आईला वेडाचे झटके. चालताना किंचित लंगडते. वडिलांनी दुसरे लग्न केले आहे. आता हेही मुलीचं व्यंग. काही ओळी सुमंतांच्या होत्या, आणि काही, हे बाईंना नाकारता येत नव्हतं, त्यांनी स्वतः अर्जावरून उतरवलेल्या. कुंडलची माया नावाची एक मुलगी होती, बीएड झालेली. तिच्या पुढं लिहिलं होतं: कोड, मान व दोन्ही हात. तिला ते खरंच होतं. अपूर्वाचं खोटं म्हणून पुसायचं आणि मायाचं खरं म्हणून छापायचं, म्हणजे घाण एकीच्या दारातून काढून दुसरीच्या दारात लोटायची. मग त्यांनी मुलांचा तक्ता उघडला. सांगलीचे, कराडचे, उंब्रजचे नवरदेव ओळीनं उभे. त्यातले बरेच बाईंनी डोळ्यांनी पाहिलेले. तंबाखूनं सडलेले दात, सुटलेली पोटं, एकाला तर फिट येऊन तो याच खुर्चीवरून पडला होता. तक्ता मात्र सगळा स्वच्छ.

क्लासमध्ये तक्त्याचा आराखडा बदलायला शिकवलं होतं. बाईंनी मुलींच्या तक्त्याचा आराखडा उघडला, व्यंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तो अख्खा रकानाच काढून टाकला. कॉम्प्युटरनं विचारलं, यातली सगळी माहिती कायमची जाईल, चालेल का? बाईंनी हो म्हटलं. मग फाईल बंद करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, रीड-ओन्लीपुढची खूण आपल्या हातानं परत लावली. सीडी पर्समध्ये टाकली.

छपाईला द्यायच्या दिवशी निळकंठराव चष्मा लावून कागद तपासत बसले. छापखान्याचा माणूस खाली सायकल लावून थांबला होता.

"व्यंग कुठं गेलं?" निळकंठरावांनी विचारलं.

"मी काढलं," बाई म्हणाल्या.

"काढलं? कुणाला विचारून? परत घाला."

"घाला की तुम्ही." बाईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. निळकंठरावांनी चुन्याच्या बोटानं एक कळ दाबली. टुक. दुसरी दाबली, टुक. पडद्यावर तीच ओळ आली.

"माझं ऐकत नाही हे," ते म्हणाले.

"कुणाचंच ऐकत नाही. खंडेनवमीपासून," बाई म्हणाल्या, आणि फडक्यानं कळांवरचा चुना पुसून घेतला. खालून छापखान्याच्या माणसानं हाक मारली. त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलला आणि स्वतः जिना उतरून त्याच्या हातात दिला.

मेळावा सांगलीला एका मंगल कार्यालयात झाला. मुलींनी क्रमांकानं स्टेजवर यायचं, नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं; खाली बसलेल्या मुलांच्या आयांना माइक फिरवून दिला जायचा, त्यांनी प्रश्न विचारायचे. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का. मुलं आयांशेजारी बसून लाडू खात होती. चारुशीलाबाई कोपऱ्यातल्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या, आणि हॉलमधल्या घामाच्या, अत्तराच्या आणि मसालेभाताच्या वासानं त्यांचं डोकं उठलं होतं.

अपूर्वा वर गेली. पूर्ण बाह्यांचेच कपडे घातलेले. पुढच्या रांगेतल्या एका जरीकाठी बाईंनी पुस्तकाची पानं बोटाला थुंकी लावून उलटली, मागून पुढं, पुढून मागं, आणि माइक मागून घेतला. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. सुमंतांना सांगणाऱ्या त्याच या, हे चारुशीलाबाईंनी त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून ओळखलं.

"हिला आम्ही आधी पाहिलंय. हाताला काहीतरी आहे असं ऐकलं होतं, पण पुस्तकात काही छापलेलं दिसत नाही. लपवण्यापेक्षा सगळ्यांसमोर दाखवलेलं बरं."

विष्णुपंतांनी मान खाली घातली. स्टेजवर बसलेल्या सुमंतांनी घड्याळात बघितलं. अपूर्वानं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढं धरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"तळणीचं तेल सांडलंय," ती म्हणाली. "कोड नाही. असतं तरी असाच दाखवला असता. झालं बघून? आता तुमच्या चिरंजीवांना वर पाठवा. त्यांनी शर्ट काढायचा. आम्हालाही बघू दे."

मुलाचा हात लाडवासकट तोंडापाशी थांबला. आई माइकमध्येच "काय ही भाषा" म्हणाल्या आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मागच्या रांगेत, जिथं मुली आपल्या क्रमांकाची वाट बघत बसल्या होत्या, तिथं कुणीतरी हसलं. मग दुसरी हसली, मग ते थांबेना. निळकंठराव "पुढचा क्रमांक, पुढचा क्रमांक" म्हणत राहिले. विष्णुपंत उठून लेकीजवळ गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवून जेवणाच्या पंगतीकडं चालू लागले.

त्या दिवशी अपूर्वाला एकही स्थळ आलं नाही. पण जेवणं चालू असताना एक मुलगी बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मानेवर आणि दोन्ही हातांवर पांढरे चट्टे, पदर ओढून घेतलेला नव्हता.

"बाई, मी कुंडलची माया. माझा अर्ज आणि फोटो परत द्या."

बाईंनी गठ्ठ्यातून तिचा अर्ज काढला. "का गं, नाव काढायचंय?"

"व्हय," माया म्हणाली. "शर्ट काढून दावणारा कोण गावला, की परत घाला."

बाईंनी तिचा फोटो पदरानं पुसून तिच्या हातात दिला. तिच्या मागं आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या.